आबा लिहिताना नाना दिसतात, मग काय करावं?

प्रश्न : मी कोल्हापूरच्या कसबा बावड्याचा. गुऱ्हाळावरची चित्रपटाची पटकथा लिहितोय. आबा हे साठीतले गुऱ्हाळमालक, स्वतःच गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारे. मुलगा म्हणतो, पाकात हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) टाकू, गूळ पिवळाधमक होईल, भाव चढेल. आबा ऐकत नाहीत. पहिल्या पानापासून आबांच्या जागी मला नाना पाटेकर दिसतात आणि त्यामुळं लिहायला जोर येतो. ११८ पानं झालीत. ज्यांनी वाचली ते म्हणतात, आबा जोरात आहेत, बाकीची माणसं मात्र पुसट. एका शिबिरात सांगितलं, नट डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय पात्र उभंच राहत नाही. दुसऱ्या शिबिरात म्हणाले, असं चुकूनही करू नका. कुणाचं ऐकू? आणि ही संहिता नानांपर्यंत पोचवायची तरी कशी? पहिलं पान, मार्केट यार्डाचा एक सीन आणि घरातली चार पानं सोबत जोडतोय.

उत्तर : पहिल्या ड्राफ्टपुरता नट डोळ्यांसमोर असू द्या, दुसऱ्या ड्राफ्टला बसताना तो काढून टाका. सेंट्रिंग स्लॅब भरताना लागतंच, पण तसंच ठेवून कुणी घरात राहायला जात नाही. तुमची ११८ पानं झाली म्हणजे नानांनी त्यांचं काम केलेलं आहे. अडचण ते तिथंच थांबलेत याची आहे, आणि ती दुरुस्त करता येण्यासारखी आहे.

आधी फायदा कुठला होतो ते बघू, म्हणजे काढताना नेमकं काय काढायचं ते कळेल. नट डोळ्यांसमोर असला की पात्राला आवाज मिळतो. वाक्य किती लांब, श्वास कुठं घेतो, चिडला की आवाज चढतो का उतरतो, हे सगळं लेखकाच्या कानात वाजायला लागतं. पात्राला शरीरही मिळतं, ते कसं बसतं, हात कुठं ठेवतं हे दिसतं. आणि पान ९ वर बोलणारा माणूस पान ९० वरही तोच वाटतो. नवख्या लेखकाला हे तीन फायदे मोठे आहेत, म्हणून "चुकूनही करू नका" हा सल्ला आम्हाला पटत नाही.

तोटा मात्र एका ठिकाणी हटकून होतो. बहुतेक लेखक नटाची कल्पना करत नाहीत, त्यानं आधी केलेल्या भूमिकांची करतात. निळू फुल्यांचं उदाहरण घ्या. प्रत्यक्षात हा राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला, सामाजिक चळवळींशी आयुष्यभर बांधलेला मृदू माणूस. पडद्यावर ते बेरकी सरपंच म्हणून गाजले आणि मग त्यांच्यासाठी लिहायचं म्हणजे पुन्हा तोच बेरकी सरपंच लिहायचा, असं होऊन बसलं. लेखकांना नट दिसत नव्हता, सरपंच दिसत होता. तुमच्या आबांचंही तसंच होतंय का, हे तपासायला एक साधी कसोटी आहे. नानांमधलं तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका ओळीत लिहा, पण त्यात कुठल्याही चित्रपटाचं नाव घ्यायचं नाही. "छोटी वाक्यं, मधेच तोडलेली, आणि तोडल्यावर लगेच भलत्याच विषयावर जाणं" असं लिहिता आलं, तर तुम्ही नट घेतलाय. "त्या अमुक सिनेमातल्यासारखा कडक" एवढंच सुचत असेल, तर तुम्ही दुसऱ्या लेखकाचं पात्र उचललंय.

आता तुमचा यार्डातला सीन. अडत्या म्हणतो, गूळ काळपट आलाय, भाव उतरेल. त्यावर आबा उसळतात, "काळा? काळं तुझं मन हाय!" पासून सुरुवात करून ११ ओळी बोलतात. शेवटी तुम्ही लिहिलंय, "आबा त्याच्याकडे नुसतं बघतात. यार्ड शांत होतं. अडत्याची मान खाली जाते."

ही शेवटची तीन वाक्यं नीट वाचा. अडत्याची मान खाली का जाते? तुमच्या डोक्यात तिथं नानांची नजर आहे, म्हणून जाते. कागदावर ती नजर नाही. कागदावर एक म्हातारा ओरडतो, बघतो, आणि यार्डात मुरलेला व्यापारी विनाकारण ओशाळतो. दिग्दर्शक, निर्माता किंवा दुसरा कुठलाही नट वाचेल तेव्हा त्याला हे विनाकारणच दिसणार. नट डोळ्यांसमोर ठेवून लिहिण्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथं, कारण जे काम प्रसंगानं करायचं ते लेखक नटाच्या वजनावर ढकलतो आणि आपण ढकललंय हे त्याला दिसत नाही.

हाच सीन नजरेशिवाय उभा राहतो का ते बघा :

अडत्या : रंग जरा काळपटच आलाय, आबा. मागचा भाव न्हाई मिळायचा.
आबा चाकूनं गुळाच्या रव्याचा एक टवका काढून त्याच्यापुढं धरतात.
आबा : चाखा.
अडत्या : चव कोण बघतंय आता? गिऱ्हाईक डोळ्यानं घेतंय.
आबा : तुमच्या घरात कुठला जातो?
अडत्या गप्प.
आबा : ह्योच जातो न्हवं? मग ह्योचाच भाव बोला.

इथं अडत्या गप्प बसतो त्याला कारण आहे. तो स्वतःच्या घरी पिवळाधमक गूळ नेत नाही, आणि ते आबांना माहीत आहे. हे संवाद नाना म्हणतील, दिलीप प्रभावळकर म्हणतील, नाहीतर तुमच्या पेठेतल्या हौशी नाटकातला एखादा नवा माणूस म्हणेल. प्रत्येकाचा आबा वेगळा होईल, पण सीन कुणाच्याही हातात पडणार नाही. आणि एक लक्षात घ्या, जुन्या सीनपेक्षा हा नानांनाही जास्त आवडेल, कारण ओरडायच्या ११ ओळी त्यांना बाकीचे सगळे लेखक देतच असतात.

दुसऱ्या ड्राफ्टला बसण्याआधी किमान दोन आठवडे संहिता बाजूला ठेवा. मग लाल पेन घेऊन "बघतात", "हसतात", "गप्प राहतात", "एक क्षण थांबतात" अशी सगळी ठिकाणं अधोरेखित करा. प्रत्येक ठिकाणी समासात लिहा, त्या क्षणी आबांना काय हवंय आणि ते का बोलत नाहीत. जिथं समास कोराच राहील तिथं नट तुमच्या बदली लिहितोय असं समजा. ११८ पानांत अशी ठिकाणं बरीच निघतील. घाबरू नका, बहुतेक एकेका कृतीनं सुटतात, जसा वरचा टवका.

त्यानंतर उलट्या नटाची परीक्षा. आबांच्या जागी मुद्दाम विरुद्ध स्वभावाचा नट बसवा, मऊ आवाजाचा, सावकाश बोलणारा. प्रभावळकरांच्या आवाजात सगळे संवाद मोठ्यानं वाचा. काही वाक्यं अडकतील. त्यातली जी गुळव्याच्या धंद्यामुळं किंवा वयामुळं अडकतात ती तशीच ठेवा, ती आबांची आहेत. जी नुसत्या झटक्यामुळं, ढबीमुळं अडकतात ती कापा. फरक कळत नसेल तर वाक्य साध्या शब्दांत परत लिहून बघा. अर्थ शिल्लक राहिला तर ते आबांचं होतं, काहीच उरलं नाही तर ती फक्त ढब होती.

आता पुसट माणसांकडे येऊ, कारण वाचणाऱ्यांनी बोट बरोबर ठेवलंय. कारण उघड आहे. आबांना तुम्ही एक जिवंत माणूस दिलात, बाकीच्यांना कुणीच दिलं नाही. त्यामुळं मुलगा, मुलगी, चुलवाण बघणारा गडी, सगळे आबांचं बोलणं ऐकायला उभे आहेत. पाठवलेल्या चार पानांत मुलगा सहा वेळा बोलतो, आणि त्यातली चार वाक्यं "पण आबा…" अशी अर्ध्यावर तुटतात. ज्या मुलाला वाक्य पुरं करू दिलं जात नाही त्याच्याशी झालेला झगडा कुणाला खरा वाटणार?

मुलासाठी नट शोधू नका. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जाऊन उभे राहा आणि बापाचा माल घेऊन आलेल्या तिशीतल्या पोरांकडं बघा. एकाचं बोलणं घ्या, दुसऱ्याचं उभं राहणं, तिसऱ्याचा राग गिळायचा प्रकार. तिघांतून झालेला माणूस कुणाची नक्कल राहत नाही. लय मात्र आबांच्या उलट हवी. आबा तोडून बोलतात, तर मुलानं हिशेब मांडत सलग बोलावं. "क्विंटलला चारशेचा फरक. हंगामाचं किती झालं ते तुम्हीच करा, मी बोललो की तुमास्नी राग येतो." एवढं त्याला पुरं बोलू द्या. त्याचं म्हणणं खरं असायला हवं. कर्ज खरं, भावातला फरक खरा, शेजारच्या गुऱ्हाळावर सर्रास हायड्रॉस पडतो हेही खरं. मग आबांच्या "नको" ला किंमत येते, नाहीतर ते नुसते हट्टी ठरतात.

मुलीचं वेगळंच झालंय. पान ४१ वर ती म्हणते, "मी आले, आबा, जरा बाजारात जाऊन येते." बावड्यातली मुलगी घरात असं बोलते का? ती "मी आलो" म्हणते, "जाऊन येतो" म्हणते. तुम्ही स्वतः कोल्हापूरचे असून हे निसटलं, याचा अर्थ तिच्या जागी तुम्हाला मालिकेतली कुणीतरी अभिनेत्री ऐकू येत होती. नटाचा आवाज कानात असण्याचा हा धोका कोल्हापूरच्या लेखकानं फार सांभाळायचा असतो. पुण्या-मुंबईच्या नटाच्या तोंडची भाषा ऐकत लिहिलं की आपली बोली घसरून सगळीकडं चालणारी एक ढोबळ "ग्रामीण" भाषा तयार होते, जी ना करवीरची, ना पन्हाळ्याची, ना मराठवाड्याची. संवाद घरातल्या कानानं तपासा. आई, आत्या, मामी यांच्यापैकी कुणाला तरी मुलीची सगळी वाक्यं वाचून दाखवा आणि त्या कुठं थबकतात तिथं खूण करा.

ही सगळी माणसं, नानांसकट, लिहून ठेवायची जागा वेगळी. प्रत्येक पात्राला वहीत एक पान द्या. वरती त्याचे जे कुणी असतील त्यांची नावं, खाली प्रत्येकाकडून घेतलेली एकच गोष्ट. एका माणसावरून दोन पात्रं करू नका, दोघं एकमेकांसारखी बोलायला लागतात. ही वही कुणाला दाखवायची नाही. संहितेत नटाचं नाव कुठंही येता कामा नये. तुमच्या पान १ वर आबांची ओळख "नाना पाटेकरांसारखे करारी, डोळ्यांत आग" अशी आहे. ती वाचून दुसरा कुठलाही नट संहिता मिटून ठेवेल. दुसऱ्यासाठी शिवलेला सदरा अंगात घालायला कुणाला आवडतं? आणि नाना स्वतः वाचतील तर त्यांच्या हाताला काहीच नवं लागणार नाही. त्याऐवजी असं काहीतरी :

"आबा, ५५ ते ६५. पाकाची गोळी पाण्यात वळून बघायची आयुष्यभराची सवय. समोरचा बोलत असतानाही अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहतात. बोटं थांबली की त्यांचा निर्णय झालेला असतो."

यात नटाला करायला काहीतरी दिलंय, आणि दिग्दर्शकाला कॅमेरा कुठं लावायचा ते कळतं. वय एका आकड्यात बांधू नका, १० वर्षांचा पट्टा ठेवा. उंची, रंग, मिशा कथेला लागत असतील तरच लिहा.

नटासाठी लिहावं असे प्रसंगही आहेत, ते सांगितले नाहीत तर सल्ला एकांगी होईल. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती, आणि पुढं १ जून १९२९ ला इथंच सुरू झालेली, १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात. त्या काळी नट कंपनीत महिन्याच्या पगारावर असत. पात्र कोण करणार हे लिहिणाऱ्याला समोर दिसायचं, तिथं कल्पना करायचा प्रश्नच नव्हता. तमाशातली बतावणी, म्हणजे वगाआधीचे विनोदी संवाद, तर सोंगाड्याच्या जिभेवरच वाढते. आजही १५ मिनिटांचा लघुपट करताय आणि तुमच्या नाट्यसंस्थेतला माणूस हो म्हणालाय, तर खुशाल त्याच्यासाठी लिहा, त्याला जमत नाही ते टाळा, जमतं ते वापरा. काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, सराईतपणे उभा राहणारा माणूस मिळाला तर नामांकित चेहऱ्यापेक्षा तो आधी घ्या. मोठ्या नटानं करारावर सही केली असेल तरीही त्याच्यासाठी लिहावं, फक्त त्याला आजवर कुणी करायला न लावलेलं काहीतरी.

तुमच्याकडं यातलं काहीच नाही. ना होकार, ना दिग्दर्शक. अशा वेळी कागद एकटा फिरतो आणि एकट्यानं टिकावा लागतो. "जंजीर"ची पटकथा धर्मेंद्र, देव आनंद, राजकुमार अशा मोठ्या नावांवरून फिरून अमिताभ बच्चन यांच्याकडं आली आणि १९७३ मध्ये पडद्यावर गेली. "शोले"तल्या गब्बरसाठी आधी डॅनी डेन्झोंग्पा ठरले होते. "धर्मात्मा"च्या अफगाणिस्तानातल्या चित्रीकरणाच्या तारखा आड आल्या आणि भूमिका अमजद खानना मिळाली, ज्यांना तेव्हा प्रेक्षक फारसे ओळखतही नव्हते. दोन्हीकडं नट बदलला, तरी भूमिका उभी राहिली. नटाच्या वजनावर बेतलेलं पात्र असतं तर नाव बदलताच ते कोसळलं असतं.

दुसरा ड्राफ्ट झाला की वाचन ठेवा. पाच-सहा माणसं पुरेत. राज्य हौशी नाट्य स्पर्धेचं कोल्हापूर केंद्र असतं, तिथली नाटकं बघा आणि त्यातूनच माणसं गोळा करा. या वर्गाला बोली येते आणि वाचून दाखवायची हौसही असते. आबांसाठी मुद्दाम नानांशी काडीचंही साम्य नसलेला माणूस निवडा. तुम्ही स्वतः कुठलंही पात्र वाचू नका, रंगसूचनाही दुसऱ्याला द्या. तुम्ही वाचलंत की नानांचा आवाज परत येणार. एका पानाला एक मिनिट हा हिशेब ठराविक मांडणीच्या संहितेचा आहे, देवनागरी टाइपात तो सैल होतो, म्हणून घड्याळ लावा. ११८ पानं अडीच तासांवर गेली तर जादाचा वेळ बहुधा आबांच्या लांब बोलण्यातच सापडेल. वाचन चालू असताना मान वर करून ऐकणाऱ्यांकडं बघा. ते पाणी प्यायला कधी उठतात ती पानं टिपून ठेवा. नंतर मतं विचारा, पण मतांपेक्षा ही टिपणं जास्त खरी असतात.

राहिला नानांपर्यंत पोचण्याचा प्रश्न. आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं संहितेची नोंदणी करा, ती ऑनलाइन होते. मग नटाच्या मागं न लागता दिग्दर्शक शोधा. दिग्दर्शक नसलेल्या संहितेला नटानं हो म्हटलं तरी पुढं काही हलत नाही, आणि सहसा तो म्हणतही नाही. दिग्दर्शकाला आधी एका पानाचा सारांश पाठवा, ३०० ते ४०० शब्दांचा, त्यात हायड्रॉसचा झगडा पहिल्या तीन ओळींत यायला हवा. संहिता मागितली तरच पीडीएफ द्या. पुढं कधी नानांशी गाठ पडलीच, तर "तुम्हाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय" हे वाक्य टाळा, त्यांनी ते पुष्कळ वेळा ऐकलं असणार. यार्डाचा सीन सांगा.

निर्माता मात्र पहिल्याच भेटीत विचारेल, आबा कोण करणार? तिथं एकच नाव सांगितलंत तर पुढचं सगळं बोलणं त्या नटाच्या तारखा आणि मानधनावर जाईल आणि ते नाव बसलं नाही की विषयही तिथंच संपेल. तीन नावं तयार ठेवून जा, चेहऱ्यानं, आवाजानं, मानधनानं एकमेकांपासून लांबची. घरी बसून ती तीन नावं सुचत नसतील, तर अजून निर्मात्याकडं जाऊ नका. लाल पेन घेऊन पुन्हा पान १ पासून बसा.